न झिजलेलं पातं

भगवंत मेहरेच्या घरात कोणतीही वस्तू आपल्या मूळ नोकरीवर नव्हती. कपडे धुण्याच्या मशीनचं पिंप लसूण सोलत असे. कूलरचा पंखा तूर उफणत असे. टीव्हीची छत्री गच्चीवर उताणी पडून मिरच्या वाळवत होती. स्कूटरचा ब्रेक विहिरीच्या रहाटावर बसला होता आणि भरलेली बादली वाटेत हवी तिथं थांबवत होता. बादली वाटेत थांबवण्याची गरज आजवर कोणाला पडली नव्हती, पण पडलीच तर सोय होती.

अंजनगाव सुर्जीहून दर्यापूरकडे निघालं की डाव्या हाताला आत खैरी म्हणून लहानसं गाव आहे. तिथं भगवंतचा मळा. वांगी, कोबी, मेथी, आणि दसरा-दिवाळीच्या बेतानं झेंडू. माळ्याच्या घरात जन्मलेल्या माणसानं भाजी पिकवावी आणि विकावी एवढीच लोकांची अपेक्षा असते, आणि भगवंत ती दोन्ही कामं करी. पण आंघोळ करावी तशी करी, म्हणजे टाळता येत नाही म्हणून. त्याचं खरं जगणं अंजनगावला देवानंदच्या वेल्डिंगच्या दुकानात चाले. सकाळी बाजारातल्या हर्रासात, म्हणजे लिलावात, भाजी लावली की तो तिथं जाऊन बसे आणि समोरच्या भंगाराच्या ढिगाकडे असा पाही, जशी उपवर मुलीच्या बापानं लग्नाच्या मांडवात पोरं पाहावीत.

गावात त्याला 'इंजिनेर' म्हणत. हे कौतुक आहे की टोमणा, ते म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागे, आणि भगवंतला लोकांच्या चेहऱ्याकडे पाहायची सवय नव्हती. तो त्यांच्या हातातल्या वस्तूकडे पाही. 'जुगाड' हा शब्द मात्र त्याला शिवीसारखा लागे. जुगाड करणारा वेळ मारून नेतो, मी वेळ वाचवतो, असं तो सांगे. ते सांगण्यात ऐकणाऱ्याचा बराच वेळ जाई, ही गोष्ट वेगळी.

पहिली सुधारणा त्यानं लग्नाच्या पहिल्या आठवड्यात केली होती. नवी नवरी चुलीशी बसून फुंकणीनं फुंकते आहे, डोळ्यांतून पाणी येतं आहे, हे पाहून त्यानं चुलीच्या मागं एक जुना लहान पंखा बसवला. बटण दाबताच चुलीतली सगळी राख उठली आणि सासू, सासरा, दोन नणंदा आणि एक आलेले पाहुणे, अशा सर्वांवर समान बसली. बेबीताईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "चांगलं आहे." घरात सून आल्याचं सार्थक झालं असं भगवंतला वाटलं. त्यानंतर त्यानं काहीही करून आणलं, की बेबीताई ते उलटून-पालटून पाही आणि म्हणे, "चांगलं आहे." सणाला साडी मागितली आणि दळणाच्या डब्याला चाकं लावून मिळाली, तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

तर अशा या माणसाच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम म्हणजे उभी निंदणी.

त्याचं झालं असं, की बेबीताईचा उजवा गुडघा बोलू लागला. निंदणाचं काम बसून असतं. बायका आपापली पात धरतात, म्हणजे पिकाच्या दोन-तीन ओळींची एकेक पट्टी वाटून घेतात, आणि हातात विळा घेऊन उकिडव्या बसून पुढं पुढं सरकत तण काढत जातात. सकाळपासून सांज होईपर्यंत. पुरुष तिथं जात नाहीत. निंदणाच्या बायकांमध्ये पुरुष जाऊन उभा राहिला, तर तो एक तर हिशेब करायला आला असतो किंवा त्याला घरी कोणी विचारत नसतं, असं धरून चालतात. भगवंतही कधी गेला नव्हता. गुडघा दुखतो हे त्याला कळलं तेही बेबीताई एकदा चुलीपासून उठताना भिंतीला धरून उठली तेव्हा. त्यानं भिंतीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात चाक फिरू लागलं.

हे चाक लहान पोरांच्या सायकलचं होतं. त्याला सायकलचाच चिमटा, चिमट्याच्या मागं आडवं पातं, आणि वर धरायला स्कूटरचं हँडल. उभ्यानं ढकलत न्यायचं. चाक पुढं पळतं आणि पातं मातीखालून तण कापत येतं. अशी हातडवरी बाजारात मिळते, हे देवानंदनं त्याला सांगितलं होतं. भगवंतनं बाजारातली पाहिली आणि नाकारली. तिचा दांडा सगळ्यांच्या मापाचा होता, म्हणजे कोणाच्याच मापाचा नव्हता. त्यानं बेबीताईला दाराच्या चौकटीशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावले, आणि कोळशानं चौकटीवर खूण केली. तव्यावरची भाकरी तोवर करपली. पातं त्यानं जुन्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या पोलादाचं केलं. हँडलला ट्यूबचं रबर गुंडाळलं, तिच्या तळव्याला टोचू नये म्हणून.

देवानंद म्हणाला, दांड्याला नट ठेवू, खालीवर करता येईल. भगवंतनं ऐकलं नाही. "वेल्डिंगच मार. दुसरं कोण धरणार आहे ते?"

पहिल्या दिवशी निंदणी मळ्यात गेली आणि संध्याकाळी बेबीताई घरी आली ती निंदणीला टेकूनच. भगवंतनं विचारलं. ती म्हणाली, "चांगली आहे. लय चांगली आहे." 'लय' हा शब्द तिनं याआधी वापरलेला नव्हता. भगवंतनं तो जपून ठेवला.

त्यानंतर निंदणी रोज बायकांसोबत मळ्यात जाई आणि रोज चिखलानं माखून परत येई. ती धुण्याचं काम भगवंतनं आपणहून स्वतःकडे घेतलं. संध्याकाळी हौदाशी बसून तो चाक धुई, चिमटा धुई, पातं धुई, आणि मग कानशीनं धार काढी. धार काढायला काही विशेष लागत नसे, कारण पातं जसंच्या तसं असे. ही गोष्ट त्यानं एक पावसाळा पाहिली, मग एक हिवाळा पाहिली, पुन्हा पावसाळा पाहिला, आणि त्याचा ऊर भरून आला. विळा महिन्याभरात झिजतो. बाजारातल्या डवरीचं पातं एका हंगामात पत्र्यासारखं होतं. त्याचं पातं झिजायचं नाव घेत नव्हतं. हँडलचं रबरसुद्धा नव्यासारखं होतं. देवानंदच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हे सांगू लागला. पाट्याचं पोलाद आणि त्याला पाणी देण्याची आपली पद्धत, असं दुहेरी स्पष्टीकरण त्याच्याकडे होतं. देवानंद त्या वेळी वेल्डिंगचा काळा चष्मा लावून बसे; वेल्डिंग चालू नसलं तरी.

मधल्या उन्हाळ्यात गुडघा फारच बोलू लागला, म्हणून दोघं अमरावतीला डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे फोटो उजेडावर धरला. गुडघ्यातली गादी झिजत चालली आहे, म्हणाले, आणि बाई दिवसातून किती वेळ उकिडव्या बसतात ते विचारलं. उत्तर भगवंतनं दिलं. बसण्याचा प्रश्नच येत नाही, असं सांगून त्यानं चिठ्ठीच्या पाठीवर निंदणीचं चित्र काढलं, पात्याच्या कोनासहित. डॉक्टरांनी चित्र पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला, आणि मग बेबीताईकडे पाहिलं. बेबीताई भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होती. मग वयाचं असेल, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर भगवंतनं बायकोला सांगितलं, की डॉक्टर शिकलेला आहे पण त्याला यंत्र कळत नाही.

याच सुमारास मुलगा शेखर, जो अमरावतीला एका क्लासमध्ये गणित शिकवतो, घरी आला आणि त्यानं आईला निंदणी चालवायला लावून फोनवर चित्रण केलं. ते फिरत फिरत अकोल्याला पोचलं. हिवाळ्यात तिथं एक मोठं कृषी प्रदर्शन भरतं. त्यातल्या एका संस्थेकडून फोन आला. शेतकरी संशोधकांचा सत्कार ठेवला आहे, आपण अवजार घेऊन या. नवं किंवा रंगवलेलं नको, वापरातलं पाहिजे. आणि जी बाई वापरते तिलाही आणा, तिनं दोन शब्द सांगितले म्हणजे लोकांना पटतं.

'संशोधक' हा शब्द भगवंतला उद्देशून प्रथमच वापरला गेला होता. इतकी वर्षं लोकांनी ज्याला इंजिनेर म्हणून हसत हाक मारली होती, त्याला आता कोणीतरी न हसता हाक मारत होतं. त्या आठवड्यात त्यानं दाढी दोनदा केली.

अकोल्याला जाण्याआधी निंदणीवर नाव कोरून घ्यावं म्हणून तो ती देवानंदकडे घेऊन गेला. 'उभी निंदणी, रचना: भगवंत मेहरे' असा मजकूर ठरला होता. देवानंदनं अवजार टेबलावर आडवं ठेवलं आणि भगवंत नेहमीप्रमाणे पात्याबद्दल बोलू लागला. देवानंद ऐकत राहिला. मग त्यानं काळा चष्मा काढला.

"भगवंतभाऊ, वीस वर्सं झाले मी लोखंडात आहो. न झिजणारं लोखंड मी नाही पाह्यलं. न वापरलेलं पाह्यलं."

भगवंत हसला. हे आपलं कौतुक आहे असं त्याला एक क्षण वाटलं.

"तिथं अकोल्याले लोखंड समजणारे लोक येतात," देवानंद म्हणाला. "आपल्या इथं ठीक आहे. तिथं तुमचा पचका नोको व्हायला." आणि कोणाकडे न पाहता पुढं म्हणाला, "उद्या हर्रासातून लवकर जा मळ्यात."

देवानंदची सख्खी मावशी, सुंदराबाई, खैरीतच राहत होती आणि बेबीताईच्या निंदणात सर्वांत पुढची पात तिची असे. हे भगवंतला ठाऊक होतं. पण ते आठवायला त्याला घरापर्यंतचा रस्ता लागला.

दुसऱ्या दिवशी तो बाजारातून लवकर निघाला. मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, तुरीची दाट ओळ होती, तिच्या आडोशाला तो आपल्याच शेतात चोरासारखा उभा राहिला. कोबीत निंदण चाललं होतं. सात-आठ बायका आपापल्या पाती धरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या बरोबर मध्ये, उजवा पाय किंचित बाहेर काढून, बेबीताई बसली होती. तिच्या हातात विळा होता. सुंदराबाईनं काहीतरी सांगितलं आणि सगळ्या हसल्या. बेबीताई विळा खाली टाकून हसली. ते हसणं भगवंतच्या ओळखीचं नव्हतं. घरात त्याचा वापर होत नसे.

निंदणी बांधावरच्या बाभळीला टेकवून उभी होती. हँडलच्या एका बाजूला भाकरीची फडकी टांगली होती, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या कॅन. चाकावर कोणाचा तरी ओला रुमाल वाळत होता.

भगवंत आत गेला नाही. निंदणात पुरुष जात नाहीत. तो परत फिरला, अंजनगावच्या वाटेला लागला, मध्येच एका पुलाच्या कठड्यावर बसून राहिला, आणि रोजच्या वेळी घरी आला. थोड्या वेळानं बेबीताई आली. निंदणी चिखलानं माखलेली होती. त्यानं ती हौदाशी नेली. धुण्याआधी या वेळी त्यानं नीट पाहिलं. पात्यावरच्या चिखलात चार बोटं उमटली होती, जशी सारवलेल्या भिंतीवर उमटतात. इतके दिवस तो हीच बोटं धुवून टाकत होता.

चुलीशी जाऊन तो पाटावर बसला. विचारायचं बरंच होतं. सर्वांत आधी जे विचारलं ते कारागिरानं विचारावं तसंच.

"चालत नाही काय ते?"

बेबीताईनं भाकरी उलटली. तिला सगळं कळलं असावं, पण हात थांबला नाही. "चालते."

"मंग?"

"चालते म्हून त."

नंतर तिनं सांगितलं, आणि सांगताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती. पहिल्या दिवशी तिनं निंदणी घेतली आणि सरळ गेली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. टोकाला पोचून मागं वळून पाहिलं, तर बाकीच्या बायका अजून अर्ध्या वाटेवरही नव्हत्या. एरवी जिची पात आधी संपते ती वळून मागं राहिलेलीच्या पातीत समोरून शिरते, दोघी मध्ये भेटतात, आणि सगळ्या एकदम उठतात. असंच चालत आलेलं आहे. पण त्या दिवशी कोणाच्या पातीत शिरायचं? ती शिरली असती तर प्रत्येकीचं काम संपवून पुढं गेली असती. ती टोकाला उभी राहिली. उभ्या माणसाशी बसलेलं कोणी बोलत नाही. बायकांचं बोलणं बंद झालं होतं. मग जेवायच्या सुटीत सुंदराबाईनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "बेबीताई, उद्यापासून आमी याव का नाही?"

त्याचं उत्तर म्हणून दुपारनंतर बेबीताई विळा घेऊन खाली बसली. तेव्हापासून बसलेलीच होती.

"मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुमी सगळ्याइले एकेक करून देल्ली असती."

भगवंतनं विचार केला. "देल्ली असती," तो म्हणाला.

"तेच त."

 सात-आठ निंदण्यांना किती पाटे लागतील, याचा अंदाज त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाला होता, आणि त्याचीच त्याला लाज वाटली. मग त्यानं विचारायला नको ते विचारलं.

"अन् चिखल कोण लावत जाय?"

 भाकरी फुगली, बेबीताईनं ती उतरवली, दुसरी थापायला घेतली.

"पाळी लावली होती," ती म्हणाली. "ज्या दिवशी जिची असंन ते लावे."

इतका वेळ हे त्याच्या लेखी एकट्या बायकोनं केलेलं होतं. नवरा-बायकोत अशा गोष्टी होतात. त्यानंही कधी घेतलेल्या वस्तूची किंमत कमी सांगितली होती. पण पाळी होती म्हणजे त्यावर बोलणं झालं होतं. आज कोणाची, असं कोणीतरी विचारलं असणार, आणि कोणीतरी हसली असणार. गावातल्या निम्म्या घरांत रात्री जेवताना ही गोष्ट निघाली असणार, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं रस्त्यात त्याला भेटून विचारत होती, काय इंजिनेर, निंदणी काय म्हणते. आणि तो पात्याबद्दल सांगत होता. थांबून, सविस्तर.

त्याला अमरावतीचा डॉक्टर आठवला, आणि उजेडावर धरलेला तो फोटो. झिजायचं ते झिजलंच होतं. फक्त तो चुकीच्या ठिकाणी कानस घेऊन बसला होता.

अकोल्याला जावं की नाही, हा प्रश्न दोन दिवस घरात होता. न जावं तर का, हे सांगावं लागणार. जावं तर काय सांगायचं? शेवटी बेबीताईच म्हणाली, माझं नाव कळवलं आहे ना, मग मी येईन. तुमचा पचका होऊ देणार नाही. तिनं हे इतक्या मायेनं म्हटलं, की त्याला त्या मायेचीच भीती वाटली. पण 'संशोधक' या शब्दापुढं त्याचं काही चाललं नाही. एकदा कोणीतरी आपल्याला तसं म्हणावं, सर्वांसमोर, माइकवर, एवढंच त्याला हवं होतं. तो गेला.

मंडपात गर्दी होती. निवेदक तरुण होता आणि त्याला घाई होती. त्यानं बेबीताईच्या हाती माइक दिला आणि विचारलं, ताई, अनुभव सांगा. बेबीताईनं पदर सावरला आणि जे सांगितलं ते भगवंत जन्मभर विसरणार नाही.

"दोन पावसाळे झाले," ती म्हणाली, "याची धार एक डाव गेली नाही." टाळ्या पडल्या. "चिखल लागते, पण धुतला का निघते. धुवाले हेच बसतात." लोक हसले, आणि बायको शेतात राबते तर नवरा अवजार धुतो, हे पाहून पुन्हा टाळ्या पडल्या. निवेदकानं गुडघ्याचं विचारलं.  "या अवजारानं माहा गुडघा कधीच दुखला नाही."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. भगवंतनं आयुष्यात पुष्कळ जोडकाम पाहिलं होतं, पण इतकं सफाईचं, सांधा दिसू न देणारं, प्रथमच पाहिलं. मग त्याला बोलायला सांगितलं. दोन पावसाळे त्यानं मनात एक भाषण तयार ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्य अजून वापरण्याजोगं होतं.

"अवजार चालते," तो म्हणाला आणि खाली बसला.

हा ग्रामीण माणसाचा विनय आहे, असं निवेदकानं जाहीर केलं. शाल आली, नारळ आला, आणि 'संशोधक श्री. भगवंत मेहरे' असं माइकवरून दोनदा म्हटलं गेलं. जे ऐकायला तो आला होता ते त्यानं ऐकलं. कानाला ते ठीक लागलं.

कार्यक्रमानंतर तेल्हाऱ्याकडची एक बाई पुढं आली, मंजुषाताई म्हणून. तिचा बायकांचा गट होता, आणि तिला अशा दहा निंदण्या हव्या होत्या. भगवंतचे डोळे चमकले. पण मंजुषाताईला वापरणारीकडूनच ऐकायचं होतं, म्हणून ती बेबीताईला मंडपाच्या खांबापाशी बाजूला घेऊन गेली. भगवंत शाल पांघरून लांब उभा राहिला. बेबीताई बोलत होती. मंजुषाताईनं एकदा निंदणीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. मग दोघी हसल्या. कोबीच्या शेतातलं तेच हसणं. जाताना मंजुषाताईनं त्याला लांबूनच नमस्कार केला. निंदण्यांचं काही बोलली नाही.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं निंदणी मागच्या बाकाखाली सरकवायला लावली. अकोट मागं पडलं. नारळ भगवंतच्या मांडीवर होता.

"काय सांगतलं तिले?"

"खरं ते सांगतलं."

"काय?"

बेबीताई खिडकीबाहेर पाहत होती. "एकटी असशीन त घे म्हटलं. डोळे मिटून घे. चौघी असान त नोको घेऊ."

भगवंतनं हे वाक्य मनात उलटून-पालटून पाहिलं. त्यात एकही जादा शब्द नव्हता. त्याच्या कोणत्याही वस्तूबद्दल इतकं नेमकं कोणी कधी बोललं नव्हतं, आणि ते तेल्हाऱ्याच्या एका अनोळखी बाईला खांबापाशी उभ्या उभ्या मिळालं होतं. त्याच्या वाट्याला इतकी वर्षं 'चांगलं आहे' आलं होतं.

"लसणाची मशीन?" त्यानं विचारलं.

"ते चांगली आहे."

"दळणाच्या डब्याची चाकं?"

"चांगली आहेत ना."

तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता, जे त्यानं फारसं केलेलं नव्हतं. माइकपुढं होता तोच चेहरा होता. खरं असेल तेव्हाही हाच असणार. चुलीच्या पंख्याचं विचारावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण अंजनगावच्या आधी तीन-चार थांबे होते, आणि उत्तर मिळाल्यावर तेवढा वेळ बसून राहावं लागलं असतं. त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो हर्रासात गेला नाही. बायका यायच्या आधी निंदणी खांद्यावर टाकून तो मळ्यात गेला आणि विहिरीपलीकडच्या वांग्यात, जिथं निंदण अजून लागलं नव्हतं, एकटाच निंदू लागला. एकटा असेल त्यानं डोळे मिटून घ्यावी, असं जाणकारांचं मत होतं. निंदणी उत्तम चालली. तण मुळापासून कापलं जात होतं, मातीत चाक अडकत नव्हतं. फक्त दांडा आखूड पडत होता. तो चौकटीवरच्या कोळशाच्या खुणेइतका होता, आणि भगवंतचं कोपर त्या खुणेच्या चांगलं वीतभर वर येत होतं. त्याला कमरेत वाकावं लागत होतं. देवानंदनं नट ठेवू म्हटलं होतं.

बायका आल्या. कोबीच्या पाती लागल्या. वांग्यात पुरुष निंदतो आहे हे पाहून त्यांचं बोलणं थोडा वेळ बंद पडलं, मग हळूहळू सुरू झालं. उन्हं वर आल्यावर सुंदराबाईनं तिकडून हाक दिली, "भगवंतभाऊ, तुमच्या पातीत कोणी शिरू का समोरून?" कोणी हसलं नाही. भगवंतनं मान वर केली नाही.

त्या दिवशी भाकरीची फडकी टांगायला काही नव्हतं. बाभळीची फांदी उंच होती, म्हणून बायकांनी ती बांधावर ठेवली, आणि दुपारी सोडली तेव्हा सगळ्या भाकरींना मुंग्या लागलेल्या होत्या. बेबीताई उठली, उजव्या गुडघ्यावर हात दाबून सरळ झाली, आणि वांग्याकडे पाहत राहिली. भगवंत वाकून निंदत होता. ओळीच्या टोकाला पोचला, वळला, आणि पुन्हा वाकला.